पुण्याच्या आयटी कंपनीची ऑफर, दोन वर्षांचा बाँड. घेऊ का?

वाड्यातला_मुलगा
देवगड तालुक्यातला आहे. एमसीए होऊन वर्ष झालं. चार फेऱ्या दिल्या, मग सव्वा महिना एचआर चिडीचूप. परवा अचानक मेल: ६ लाख, त्यात ६० हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळाले तर मिळाले. दोन वर्षांचा बाँड, मध्ये सोडलं तर दीड लाख भरायचे. नोटीस ९० दिवस. दोन दिवसांत कळवा म्हणतात. काम ‘बहुतांश घरून’, असं एचआर फोनवर म्हणाली. कंपनीचं नाव व्यनि (खासगी निरोप) करतो. कुणी तिथे होतं का?

खारेपाटण_ते_खराडी
व्यनि बघितला. मी तिथे नव्हतो, पण हिशोब करून देतो. व्हेरिएबल सोडून महिना ४५ हजार. बेसिक २५ हजार धरलं तर ग्रॅच्युइटीचे साधारण १२०० त्यातच मोजलेले असतात, पाच वर्षं टिकलास तर हातात. पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापत असतील तर तुझे १८०० आणि कंपनीचेही १८०० तुझ्याच सीटीसीतून, म्हणजे कंपनी तुझ्यावर करते त्या एकूण खर्चातून. २०० व्यवसाय कर. उरले ४० हजार.

मालवणी_झील
मेल्या, आधी हातात किती येतला ता इचार. सीटीसी काय खावचा हा?

सड्यावरून
‘बहुतांश घरून’वर जाऊ नकोस. मी रत्नागिरीजवळच्या गावातून तीन वर्षं एका कंपनीचं काम केलं. जुलैत फणसाची फांदी फायबरवर पडली, लाईट दोन दिवस नाही, इन्व्हर्टर बसला. सकाळची मीटिंग सड्यावर कातळावर बसून केली, एका हातात छत्री, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत लॅपटॉप. मॅनेजर म्हणाला, पाऊस फार मोठ्याने येतोय, म्यूट कर. पुढच्या महिन्यात मेल: १५ दिवसांत ऑफिसला हजर. ऑफर लेटर काढून बघितलं तर ‘घरून’ हा शब्दच नव्हता.
आणि गणपतीचं विचार. माझी रजा जूनमध्ये मंजूर होती, सॉफ्टवेअरचं रिलीज नेमकं चतुर्थीच्या आठवड्यात आलं. माटवीखाली आरती आणि माझ्या कानात हेडफोन. आई वर्षभर बोलत होती.

कायद्याचं_बोला
बाँडला कोर्टात किंमत नसते, असं कोणी सांगेल. ऐकू नकोस. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं आणि २ लाखांची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, हे खरं. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाईही वाजवीच मिळते, लिहिलेला आकडा म्हणजे कमाल मर्यादा. पण त्यासाठी पुण्याला तारखांना जाणार कोण? ओरिजिनल मार्कशीट मागितली तर मात्र सरळ नाही म्हण.

खारेपाटण_ते_खराडी
अँबिशनबॉक्सवर, म्हणजे कर्मचारी कंपनीबद्दल लिहितात त्या साइटवर, त्यांचे रिव्ह्यू आत्ता चाळले. पाच तारेवाले बरेचसे एकाच आठवड्यातले, सगळ्यांचं ‘उत्तम वातावरण’. नव्याने लागलेल्यांकडून लिहून घेतात, आमच्याकडेही घेतले होते. तीन तारेवाले वाच, खरं तिथे असतं. एकाने लिहिलंय, बेंचवर (प्रोजेक्टशिवाय) बसवून दोन महिन्यांनी टेस्टिंगला टाकलं. तुला डेव्हलपर म्हणून घेताहेत ना? पत्रात तसं आहे का बघ.

वाड्यातला_मुलगा
फोन केला. मुदत सोमवारपर्यंत वाढवली. हातात ४० हजारच. घरून कामाचं लिहून देणार नाहीत, ‘पॉलिसी बदलू शकते’. गणपतीचं विचारलं तर एचआर हसली, “काळजी करू नका, अर्धी टीम कोकणातलीच आहे.”

सड्यावरून
मग संपलंच. रजा कोणालाच मिळायची नाही.