दाखल्याची अट नको

या चर्चेत वर एकांनी सुचवलंय की सरकारी ऑनलाइन शाळेत आधीची हजेरी चांगली असलेल्यांनाच घ्यावं. मला हे अगदी उलटं वाटतं. ज्यांची हजेरी लागूच शकत नाही, त्यांच्यासाठीच तर ही सोय हवी!

दिल्ली सरकारने २०२२ मध्ये नववी ते बारावीची अशी शाळा काढली आणि देशभरातल्या मुलांना प्रवेश खुला ठेवला. आपल्याकडे पुण्याजवळ वाघोली-हिंजवडीला बांधकामावर आलेली कुटुंबं काम संपलं की पुढच्या साइटवर जातात. आठवी झालेली मुलगी मग धाकट्या भावाला सांभाळत खोलीवरच बसते. तिच्याकडे चांगली हजेरीच काय, आधीची शाळा सोडल्याचा दाखला मागितला तरी विषय संपला. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो खरा, पण त्याचं छत्र ६ ते १४ वयापुरतंच. म्हणजे नववीच्या तोंडावरच ते जातं.

दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागणारी थॅलेसेमियाची मुलंही यात हवीत. पहिली-दुसरीची मात्र नकोत, त्यांना वर्गच पाहिजे. आणि प्रवेशासोबत टॅब व डेटा द्या, नाहीतर घरातला एकुलता मोबाइल बापाबरोबर साइटवर गेलेला असतो.