पित्ताचा त्रास असणाऱ्यांना स्लीव्ह सुचवावी का?

रानजाई

माझ्या स्लीव्हला, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर कापून अरुंद करण्याच्या ऑपरेशनला, आता चौथं वर्ष लागलंय. वजन ११६ किलोवरून ८२ वर आलं, शुगरच्या गोळ्या सुटल्या, जिना चढताना गुडघे धरावे लागत नाहीत. हे आधीच लिहिते, म्हणजे मी वजनाच्या ऑपरेशनच्याच विरोधात आहे असं पुढचं वाचून कुणाला वाटायला नको.

मला लग्नाआधीपासून अ‍ॅसिडिटी आहे. रात्री घशाशी आंबट येणं, करपट ढेकर, सकाळी उपाशीपोटी गोळी. हे सगळं केसपेपरवर लिहिलेलं होतं. तरी माझ्यापुढे पर्याय ठेवला तो एकच, स्लीव्ह. "आतड्याला हात लागत नाही, लवकर उरकतं, वयही कमी आहे." जठराच्या बायपासचा, म्हणजे वजनाच्याच दुसऱ्या ऑपरेशनचा, विषय माझ्या नवऱ्याने काढला, तर "एवढं मोठं ऑपरेशन यांना कशाला" म्हणून तो तिथेच मिटला. एंडोस्कोपी करून अन्ननलिका आधी पाहिलीच नाही. आज मी खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून झोपते. दिवसाला दोन गोळ्या घेऊनही पहाटे खोकल्याने जाग येते. मागच्या एंडोस्कोपीत अन्ननलिकेला ग्रेड बीची, म्हणजे मध्यम, सूज निघाली आणि दुसरे सर्जन म्हणाले, स्लीव्हचं बायपास करून घ्या.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात. तो परत बसवता येत नाही. राहिलेल्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर चढायला वाट मिळते. बायपासमध्ये जठराचा वरचा जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा वेगळा करून त्याला लहान आतडं जोडतात, आम्ल तयार करणारा मोठा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला होतो. म्हणून पित्तवाल्यांना बायपास जास्त मानवतं. हे काही मी शोधलेलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये दोन्ही ऑपरेशनांची तुलना करणारी चाचणी झाली, तिचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ साली आले. पित्त वाढल्याचं प्रमाण स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्के आणि बायपासनंतर ६ टक्के. फिनलंडच्या तशाच चाचणीत दहा वर्षांनी एंडोस्कोपी केली, तर अन्ननलिकेची सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के आणि बायपासवाल्यांत ७ टक्के.

माझं म्हणणं एवढंच: पित्ताचा त्रास असलेल्या माणसाची एंडोस्कोपी केल्याशिवाय स्लीव्ह करू नये. आणि प्रत्येकाला निदान दोन ऑपरेशनांची बरीवाईट बाजू लेखी मिळावी, घरी नेऊन वाचता येईल अशी. मला पश्चात्ताप होतो तो निवडीचा. तो बोलून दाखवला की घरचे, मैत्रिणी, सगळे एकच म्हणतात, "वजन उतरलं ना, मग आता काय?" मला हे ऐकवत नाही.

---

घाटवाट

ताई, त्रास खरा आहे, पण बायपास म्हणजे सुटका असं समजून टेबलवर जाऊ नका. माझं बायपास झालंय. मी आज स्लीव्हवाल्यांकडे बघून म्हणतो, मला ते का नाही सुचवलं.

अन्न आतड्याच्या पहिल्या भागातून जातच नाही, त्यामुळे लोह, कॅल्शियम, बी-१२ नीट शोषलं जात नाही. माझं हिमोग्लोबिन गोळ्यांनी वर येत नाही, सलाइनमधून लोह घ्यावं लागतं. पाठीचं जुनं दुखणं आहे, पण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक बंद, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. भाच्याच्या लग्नात दोन चमचे बासुंदी खाल्ली आणि छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात कळ. पंगतीतून उठून आडवं व्हावं लागलं. याला डंपिंग म्हणतात हे मला नंतर कळलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. आम्ही तालुक्याच्या गावात राहतो. एका रात्री पोटात असा पीळ पडला की सरळ उभं राहवेना. इथल्या दवाखान्यात गॅस म्हणून इंजेक्शन दिलं. पहाटे सांगलीला नेलं, सीटी स्कॅन झालं, तेव्हा समजलं की बायपास करताना आत जी फट राहते तिच्यात आतडं सरकून अडकलंय. वेळ गेली असती तर आतडं कुजलं असतं. बायपास झालेल्या माणसाचं पोट दुखलं तर काय शोधायचं, हे माहीत असलेला सर्जन तुमच्यापासून किती तासांवर आहे? निवड करताना हे कुणी विचारतच नाही. शहरात बसून आकडे वाचणं वेगळं.

---

निळी_शाई

मी दोघांशीही असहमत आहे, आणि स्पष्ट लिहिते. माझी स्लीव्ह झाली, उत्तम चाललंय. माझ्या ओळखीत ज्यांची झाली त्यांचंही बहुतेक ठीक आहे. पण लिहायला पुढे येतात ते त्रास झालेले. वजन दीडशेच्या घरात गेलेला, झोपेत श्वास अडकणारा एखादा मुलगा असले धागे वाचतो आणि ऑपरेशन रद्द करतो. त्याचं जे नुकसान होतं त्याची जबाबदारी कोण घेणार?

स्वीडनमध्ये १९८७ पासून वजनाच्या ऑपरेशनवाल्यांचा अभ्यास सुरू आहे. २००७ मध्ये त्यांनी छापलं की ऑपरेशन झालेल्या गटात मृत्यूचा धोका ऑपरेशन न झालेल्या गटापेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी कमी होता. आधी हे लोकांपुढे ठेवा, मग पश्चात्ताप.

रानजाई, तुम्ही फिनलंडची चाचणी सांगितलीत, पण अर्धीच. त्याच चाचणीत अन्ननलिकेच्या पेशी बदलण्याचं, ज्याला बॅरेट्स म्हणतात त्याचं, प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, ४ टक्के निघालं. वजनातही जमीन-अस्मानाचा फरक नव्हता. पाच वर्षांनी जादा वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं ४९ टक्के आणि बायपासवाल्यांचं ५७ टक्के उतरलेलं होतं. सर्जन स्लीव्ह सुचवतात त्यामागे कारणं असतात. जोड नाही, आत फट नाही, जीवनसत्त्वांची कमतरता कमी. घाटवाट यांनी जे भोगलं, नेमकं तेच टाळायला.

---

रानजाई

निळी_शाई, बॅरेट्सचं प्रमाण सारखं निघालं हे खरं आहे, मी लिहायला हवं होतं म्हणालात तर मान्य. पण सूज ३१ टक्के ही गोष्ट बॅरेट्स नाही म्हणून लहान होत नाही. रोज रात्री बसून झोपणं हा आजारच आहे.

घाबरून कुणी ऑपरेशन रद्द करू नये असं मलाही वाटतं. पण त्यावर उपाय म्हणून त्रास झालेल्यांनी गप्प बसायचं का? ज्याला आधीच खरं सांगितलंय तो घाबरत नाही, तो प्रश्न विचारतो. मला प्रश्न विचारायची संधीच नव्हती, कारण दुसरं काही असतं हेच माहीत नव्हतं.

---

मोकळी_ओसरी

मला कळत नाही, आता वजन उतरवणाऱ्या औषधांच्या सुया आल्यात तरी पोट कापायचंच कशाला? मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये. आठवड्याला एक टोचणी. नाही सोसलं तर बंद करता येतं. स्लीव्ह बंद करता येते का? पश्चात्तापाचा विषय असेल तर सगळ्यात कमी पश्चात्ताप होईल तोच मार्ग आधी घ्यावा. माझ्या वहिनीला सुयांनी चांगला फरक पडलाय.

---

निळी_शाई

ओसरी, बंद करता येतं हे खरं, पण बंद केलं की भूक परत येते आणि बहुतेकांचं बरंचसं वजनही. मौंजारो आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसलाच महिन्याला १४ ते १७ हजार रुपये पडत होते. मध्यमवर्गीय घरात तो खर्च वर्षानुवर्षं कुठून काढायचा? औषधं स्वस्त होत जातील तसं चित्र बदलेल, आणि ३० ते ३५ च्या बीएमआयला (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) मी स्वतः आधी सुई सुचवेन. पण ४५ च्या माणसाला एवढं वजन नुसत्या सुईवर उतरवणं अजून तरी अवघड आहे.

---

मापटं

मी आहारतज्ज्ञ आहे, ऑपरेशन झालेल्यांचं खाणंपिणं बघते. दोन गोष्टी राहून जातायत.

एक, आपल्याकडे दोन नाही, तीन ऑपरेशनं चालतात. मिनी बायपास भारतात भरपूर होतं. त्यात दोनऐवजी एकच जोड असतो, त्यामुळे वेळ कमी लागतो, वजन आणि शुगर दोन्ही चांगलं उतरतं. पण त्यात आतड्यातला पित्तरस जठराच्या नळीत आणि कधी कधी त्याच्याही वर येऊ शकतो, आणि तो आम्लाच्या गोळीने थांबत नाही. आतडं जास्त लांब वगळलं तर प्रथिनं इतकी कमी पडतात की पायाला सूज येते. तेव्हा रानजाईताई, "बायपास करा" असं सांगितलं तर कोणतं बायपास, हे पहिल्यांदा विचारा. तुमच्या त्रासाला दोन जोडांचं, म्हणजे रू-एन-वाय, धरतात.

दोन, आणि इथे मी ताईंच्या विरोधात आहे. लेखी माहिती मिळाली की योग्य निवड होईल, हे मला पटत नाही. कारण निवडीसाठी लागणारी माहिती रुग्णाकडेही असते आणि ती बाहेर येत नाही. मिसरी लावणाऱ्या बायका मी विचारल्यावर "नाही" म्हणतात, सासू बाजूला बसलेली असते ना. तंबाखू, मिसरी, सिगारेट चालू असेल तर बायपासच्या जोडावर अल्सर व्हायची भीती वाढते, मग त्या बाईला स्लीव्ह बरी. पण तिने सांगितलं तर ना! रोज गोळी घ्यायला जमेल का, गोळ्या कोण आणून देणार, संधिवाताच्या वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का, आठवड्यातून किती उपवास, हे सगळं निवडीत येतं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. अर्ध्या वाटीत पोट भरणारी शाकाहारी बाई सोमवार, गुरुवार, चतुर्थी धरते आणि साबुदाणा-भगरीवर राहते, तेव्हा तिचे केस गळतात, थकवा येतो आणि दोष ऑपरेशनला जातो. मी कुणाच्या श्रद्धेला हात लावत नाही, पण पहिल्या वर्षात उपवास सोडा असं हात जोडून सांगते.

आणि पहिल्या वर्षानंतर माणसं तपासणीला यायची बंद होतात. त्याला सर्जन एकटे जबाबदार नाहीत.

---

दुपारची_गाडी

मी नवऱ्याच्या नात्याने लिहितोय. बायकोचं बायपास झालं, वैद्यकीय दृष्ट्या यशस्वी. पित्त नाही, अ‍ॅनिमिया नाही, वजन ४० किलो कमी. तरी तिला पश्चात्ताप आहे, आणि म्हणून रानजाईताई, तुम्ही केलेला भेद मला मान्य नाही. निवडीचा पश्चात्ताप वेगळा आणि ऑपरेशनचा वेगळा, असा जगताना होत नाही.

आमच्याकडे गणपतीत पहिला मोदक वळायची तीच. सगळ्यांना आग्रह करून वाढणं, मग शेवटी स्वतः निवांत बसून जेवणं, यात तिचा जीव होता. आता ती वाढते आणि अर्धा मोदक खाऊन उठते. बायका म्हणतात, "किती छान बारीक झालीस." तिला वाटतं, आपली जागा गेली. दुःख झालं की ती आधी खायची. ती वाट बंद झाली आणि दुसरी कुणी दाखवली नाही. रात्र रात्र जागी असायची. शेवटी मीच मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. ऑपरेशननंतर काही जणांत दारूचं व्यसन लागतं, आत्महत्येचा धोकाही वाढलेला दिसतो, हे आम्हाला तिथे कळलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेट सक्तीची होती, मनाच्या डॉक्टरांची नव्हती.

स्लीव्ह केली असती तर हे टळलं असतं का? मला नाही वाटत. म्हणून या धाग्यात सगळी चर्चा नळी आणि जोड यांची चाललीय, ती मला अपुरी वाटते.

---

रानजाई

तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ उत्तर सुचलं नाही. तुमच्या पत्नीला आता बरं वाटत असेल अशी आशा करते. भेद होत नाही हे तुमच्या घरापुरतं मी मानते. माझ्या बाबतीत मात्र तो आहे, कारण मला कमी खाण्याचं दुःख नाही. मला झोपायचंय, बस. दोन्ही त्रासांना वेगवेगळी मदत लागते, म्हणून तो भेद मी सोडणार नाही.

मापटं, तुमच्या मिसरीच्या मुद्द्यावर: सासूला बाहेर बसवून विचारायचं काम कुणाचं? बाई खोटं बोलते म्हणून माहिती द्यायचीच नाही असं तर होऊ शकत नाही. उलट, "तंबाखू असेल तर हे ऑपरेशन धोक्याचं" असं कागदावर वाचलं तर ती कदाचित एकटी येऊन सांगेल.

विम्याचंही इथे लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोगी पडेल. पॉलिसीच्या नेहमीच्या कलमात वजनाचं ऑपरेशन बसतं ते बीएमआय ४० असेल, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा आजार असेल तर. माझा बीएमआय आता ३१ आहे. दुसरं ऑपरेशन वजनासाठी नसून अन्ननलिकेच्या आजारासाठी आहे हे सर्जनने स्पष्ट लिहून दिलं तरच दावा पुढे सरकेल, असं टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीच्या, माणसाने सांगितलं. पहिल्या वेळी निवड चुकली की दुसऱ्या वेळचा खर्च असा अंगावर येतो.

---

घाटवाट

मग काय ठरलं तुमचं? मी अजूनही म्हणेन, घाई नको. आधी २४ तासांची पीएच तपासणी (अन्ननलिकेत आम्ल किती चढतं ते मोजणारी) आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजणारी) करून घ्या. खोकला आम्लामुळेच आहे का, अन्ननलिकेच्या तळाची झडप किती सैल आहे, स्लीव्हची नळी कुठे पिळलीय किंवा अरुंद झालीय का, हायटस हर्निया, म्हणजे जठराचा भाग छातीकडे वर सरकलेला, आहे का, हे कळल्याशिवाय पुन्हा पोट उघडू देऊ नका. हर्निया दुरुस्त करून भागतंय का, हेही विचारा.

---

रानजाई

तपासण्यांची तारीख घेतलीय, पुण्यात. हर्नियाचं विचारते. बायपासच करायची वेळ आली तर रू-एन-वाय, आणि आतल्या फटी शिवून बंद करणार का, हे तुमच्या अनुभवामुळे आता यादीत सगळ्यात वर लिहिलंय. लोहाचं काय करता ते सविस्तर सांगाल का? फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, किती दिवसांनी तपासता?

---

घाटवाट

सहा महिन्यांनी. फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) एकदमच करतो. लोह आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घ्यायची नाही, मध्ये निदान दोन तास जाऊ द्यायचे. चहा लोहाच्या गोळीनंतर लगेच नको. तुम्ही राहता तिथून ते हॉस्पिटल रात्री किती वेळात गाठता येतं, तेही एकदा बघून ठेवा. आणि बायपासबद्दल माझं मत बदललेलं नाही.