दुभाषी, फॉर्म आणि दुसऱ्या भेटीला न येणारी कुटुंबं

ओसरी (प्रश्न)

छोटं सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्र आहे: दोन समुपदेशक, एक समाजसेविका, आठवड्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ. येणाऱ्यांत स्थलांतरित आणि निर्वासित कुटुंबं बरीच, भाषा पाच-सहा. सध्या घरातलं शाळकरी मूल दुभाष्याचं काम करतं, पीएचक्यू-९ चा (नैराश्य तपासणाऱ्या नऊ प्रश्नांचा) भाषांतरित फॉर्म बाहेर बाकावर भरून घेतो आणि मग ५० मिनिटांचं सेशन. अडतं ते असं: बोलणं 'डोकं दुखतं, झोप नाही' याच्या पुढे सरकत नाही, फॉर्मवर सगळ्या खुणा एकाच रकान्यात असतात आणि दुसऱ्या भेटीला बरेच जण फिरकत नाहीत. पैसा मोजका आहे. सुरुवात कुठून करावी?

तिसरी खुर्ची

आधी त्या मुलाला मोकळं करा, बाकी सगळं नंतर. आई पोरासमोर मरणाचे विचार किंवा नवऱ्याची मारहाण सांगणार नाही. सांगितलंच, तर मूल ते गाळेल किंवा मनात घेऊन घरी जाईल. नवरा-बायकोंनाही एकमेकांचे दुभाषी करू नका, घरात हिंसा असेल तर ती तिथेच दडते. घरच्यांकडून भाषा, बोली आणि पुढची वेळ एवढंच ठरवून घ्या.

पैसा दुभाष्यावर घाला. पण नुसता माणूस आणून बसवला तर तोही वाया जातो. सेशनआधी दहा मिनिटं त्याच्याशी बोला: आज कशाविषयी विचारणार, आत्महत्येचा प्रश्न येणार आहे का, तो कसा विचारायचा. हा प्रश्न दुभाषी हमखास गुळमुळीत करून टाकतात, म्हणून त्याची वाक्यं आधीच दोघांनी मिळून ठरवायची. बसायचं त्रिकोणात. नजर आणि बोलणं समोरच्या माणसाकडे: 'त्यांना विचारा, झोप येते का' असं नाही, तर 'तुम्हाला झोप येते का'. दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. एका वेळी दोनच वाक्यं, मग थांबा. ते दोघं आपसात मिनिटभर बोलले आणि तुमच्यापर्यंत 'नाही म्हणतात' एवढंच आलं, तर तिथेच थांबवा: 'काय काय बोलणं झालं ते मलाही सांगा.' शेवटी पाच-दहा मिनिटं पुन्हा दुभाष्यासाठी ठेवा. छळाच्या, युद्धाच्या हकिकती तोही ऐकतो आणि बरेचदा तो त्याच वाटेने आलेला असतो.

हे सगळं ५० मिनिटांत मावत नाही. प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं, म्हणजे तुमच्या हाती पंचवीसच मिनिटं उरतात. ९० मिनिटांची वेळ द्या आणि दर भेटीला शक्यतो तोच दुभाषी ठेवा.

ओसरी

पण एका भाषेची वस्ती इतकी लहान आहे की मिळेल तो दुभाषी त्यांच्या ओळखीतलाच निघतो. मग बाई तोंडच उघडत नाही.

तिसरी खुर्ची

तिथे फोनवरचा दुभाषी घ्या, दुसऱ्या शहरातला. त्याला नाव-पत्ता काहीच सांगायचं नाही. स्पीकर दोघांच्या मधे ठेवा. वेळ ठरवतानाच विचारून ठेवा: स्त्री हवी की पुरुष, कोणत्या गटातला चालणार नाही. भाषा एक असली तरी युद्धात दोन बाजूंना असलेली माणसं समोरासमोर येऊ शकतात. भेट सुरू होताच गोपनीयतेचं वाक्य दुभाष्याने स्वतःच्या तोंडून म्हणायचं, तुमच्या नाही.

रकाना

फॉर्मबद्दल. बाकावर भरून घेणं बंद करा, आत वाचून दाखवा. ज्यांनी रकाने असलेला कागद कधी भरलेला नाही त्यांना 'काही दिवस' आणि 'निम्म्याहून जास्त दिवस' यातला फरक कळत नाही. दिवस मोजून घ्या: 'गेल्या चौदा दिवसांत किती दिवस?' ०-१ दिवस म्हणजे ० गुण, २-६ म्हणजे १, ७-११ म्हणजे २, १२-१४ म्हणजे ३. दिनदर्शिका समोर ठेवली की उत्तरं लगेच वेगवेगळी येऊ लागतात. झोपेच्या प्रश्नात 'कमी किंवा जास्त' एकत्र आहे, भुकेचंही तसंच. वेगवेगळं विचारा, गुण मात्र एकच.

एकूण गुण ० ते २७. १० किंवा जास्त म्हणजे पुढे तपासायचं, निदान नव्हे. नवव्या, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांच्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही आलं तर एकूण कितीही असो, त्याच दिवशी धोक्याची चौकशी. बेरीज ४ आहे म्हणून फाइल बंद केली, ही चूक बऱ्याच ठिकाणी होते. आणि भाषांतर कोणाचं आहे तेही बघा. ओळखीच्या कुणी घरी करून दिलेलं असेल तर मूळ फॉर्म न वाचलेल्या माणसाकडून त्याचं उलट, मूळ भाषेत भाषांतर करून घ्या आणि मूळ फॉर्मशी ताडून बघा.

डोकेदुखीला मात्र टाळाटाळ समजू नका. शारीरिक तपासणी खरोखर करा आणि मग तिथूनच पुढे जा: कधी वाढतं, तेव्हा घरात काय चाललेलं असतं, हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं, घरचे काय म्हणतात, आधी कुणाकडे गेला होतात. डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात (२०१३) अशा सोळा प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत आहे, घरच्या माणसाला विचारायची वेगळी आवृत्तीही आहे. सोळाच्या सोळा पहिल्याच भेटीत विचारायला जाऊ नका.

उंबरा

वरचं पटतं, पण दुसऱ्या भेटीला न येण्याचं कारण निम्म्या वेळा सेशनबाहेर असतं. राहण्याच्या परवान्याचा कागद अडलाय, घरमालक घर रिकामं करायला सांगतोय, बाळाला सांभाळायला कुणी नाही. अशा माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवून घरी पाठवलं तर तो परत कशाला येईल? पहिल्या भेटीतली शेवटची वीस मिनिटं समाजसेविकेला द्या आणि एक तरी काम तिथल्या तिथे हातावेगळं करा: एक फोन, एक अर्ज.

माणसं कमी असतील तर जागतिक आरोग्य संघटनेची 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' पद्धत बघा. आठवड्याला एक, अशा पाच भेटी, प्रत्येकी ९० मिनिटं. तज्ज्ञ नसलेली पण प्रशिक्षित आणि देखरेखीखालची व्यक्ती त्या घेऊ शकते, म्हणजे त्याच भाषेतलं माणूस तयार करता येतं आणि दुभाष्याचा खर्च वाचतो. आत्महत्येचा निश्चित बेत असलेला किंवा मनोविकाराने भान सुटलेला माणूस त्यात घ्यायचा नाही, तो थेट तज्ज्ञाकडे.

कुटुंबाला एकत्र बसवण्याआधी प्रत्येकाला दहा मिनिटं एकटं भेटा, सासू असो की पंधरा वर्षांचा मुलगा. घरात मारहाणीचा संशय असेल तर एकत्र बैठक घेऊच नका.

आणि आठवण करून द्यायला लेखी मेसेज नको. आदल्या दिवशी त्यांच्या भाषेत आवाजी मेसेज पाठवा, वार आणि वेळ सांगून. पहिल्याच भेटीत विचारा, हा फोन घरात आणखी कोण वापरतं. उत्तर 'सगळेच' असेल तर मेसेजमध्ये केंद्राचं नाव घ्यायचं नाही, फक्त 'उद्या मंगळवारी दहाला भेटू'.