जुनं थेटर वाचनालयासाठी मिळतंय, उतार भरून घ्यायचा का?

प्रश्न
लहान गावातलं बंद पडलेलं थेटर आमच्या ग्रुपला वाचनालय आणि छोट्या कार्यक्रमांसाठी मिळतंय. सिनेमाच्या आधी तिथे नाटकं व्हायची, पडद्यामागे लाकडी स्टेज अजून आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो खुर्च्यांखालच्या जमिनीचा उतार भरून ती सपाट करा आणि वरची, सिनेमा दाखवायच्या मशीनची खोली पाडून टाका. मला तर ते जिवावर आलंय. त्या खोलीच्या भिंती एवढ्या जाड का, आणि पडद्याकडच्या भोकांवर लोखंडी झडपा कशाला, कुणाला माहितीय का?

उत्तर १
खोली पाडू नका हो! १९५० च्या आसपासपर्यंत फिल्म नायट्रेट नावाच्या झटकन पेटणाऱ्या प्लास्टिकची असायची, ती पेटली की पाण्यात बुडवली तरी विझत नाही कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातूनच सुटतो. म्हणून जाड भिंती, आणि झडपा अशा टांगलेल्या की आगीच्या धगीने मधला धातूचा तुकडा वितळला की झडप धाडकन खाली, म्हणजे धूर-जाळ प्रेक्षकांकडे जायला नको. छतातून वर गेलेला पाइप आहे का बघा, तो मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांच्या धुरासाठी. माझे वडील ऑपरेटर होते, कार्बनची कांडी जळेल तशी पुढे सरकवत राहायचे, जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळट पडायचा. दोन हजार फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटं चालतं, म्हणून मशीन दोन, एकावरचं संपता संपता दुसरं चालू करायचं. जमिनीत त्यांच्या बोल्टच्या खुणा सापडतील.

उत्तर २
उतारावर भराव अजिबात टाकू नका, वजन वाढतं आणि भिंतींना ओल धरते. वर लोखंडी सांगाडा आणि प्लायची जमीन करा, पुढे कुणाला काढायची झाली तर निघते. आणि भिंती-छताला आवाज शोषणाऱ्या जुन्या शीट असतील तर आधी अ‍ॅस्बेस्टॉसची (त्याचे बारीक तंतू फुफ्फुसांना घातक असतात) तपासणी, तोवर एकही खिळा उपसू नका. अर्जेंटिनातल्या बुएनोस आयर्सचं १९१९ चं ग्रँड स्प्लेंडिड थेटर २००० साली पुस्तकांचं दुकान झालं, बाल्कन्या तशाच आहेत आणि स्टेजवर कॅफे आहे. उलट अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या १९२६ च्या मिशिगन थिएटरात १९७७ पासून गाड्या लावतात, वर नक्षीचं छत आणि खाली पार्किंग, फोटो बघूनच पोटात तुटतं.

प्रश्न विचारणारी
खूप खूप थँक्यू दोघांना! काल परत जाऊन आले. पाइप आहे, बोल्टच्या खुणापण आहेत, आणि दाराशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने रिळांचे नंबर आणि वेळा लिहिल्यात, एकाखाली एक. ती भिंत घासायची नाही, रंगवायची नाही असं सांगून आलेय. अ‍ॅस्बेस्टॉसचं कळलं की इथे लिहिते.