मदत हवी आहे: मावशीसाठी रेडिओ फोरचा दिवस कसा लावून देऊ?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या मावशीची नजर आता जवळजवळ गेली आहे. सगळा जन्म वाचनात गेलेली बाई. दिवस खायला उठतो म्हणते. टीव्हीत तिचा जीव रमत नाही, म्हणून बीबीसी रेडिओ फोर लावून द्यायचं ठरवलंय. गाण्यांपेक्षा बोलण्यावर चालणारं केंद्र, शिवाय जाहिरातींचा त्रास नाही.

सकाळी ‘टुडे’च्या बातम्या, मग 1946 पासून चालू असलेला ‘वुमन्स अवर’, दुपारी नाटक, रात्री झोपताना पुस्तकवाचन, इथपर्यंत सोपं आहे. दृष्टिहीनांसाठीचा ‘इन टच’ तर हवाच. मध्यरात्रीनंतरचा ‘शिपिंग फोरकास्ट’ तिला आत्ताच आवडायला लागलाय. डॉगर, फिशर, जर्मन बाइट... अशी समुद्राच्या भागांची नावं एकामागून एक. सागरी हवामानाशी आपला काय संबंध, पण त्या लयीत तिला झोप लागते!

अडतंय ते ‘द आर्चर्स’पाशी. 1951 पासून चालणारी, आता शनिवार सोडून रोज लागणारी खेड्यातली मालिका, माणसं ढीगभर आणि ओळखायची फक्त आवाजावरून. मध्येच ऐकायला घेतलं तर कोण कोणाचं हे कसं कळणार? तुमच्यापैकी कोणी ऐकत असाल तर सुरुवात कशी केलीत?

दुसरं, यंत्राचं. स्मार्टफोनच्या गुळगुळीत काचेवर तिच्या बोटांना काहीच लागत नाही. दृष्टिहीनांना रेडिओ पुरवणाऱ्या ब्रिटिश वायरलेस फॉर द ब्लाइंड फंड या संस्थेकडून कोणी रेडिओ घेतलाय का? बटणं चाचपून ओळखता येतात का? लावून ठेवलेलं स्टेशन चुकून हलत तर नाही ना? अर्जाला काय कागदपत्रं लागली, तेही कृपया सांगा.