मदत हवी आहे: शाळू (रब्बी ज्वारी) आणि घाण्याचं तेल सुरू केलंय, पण गाडी अडलीय

कृष्णाकाठ (सांगली):
घरात पाच जण. आम्ही दोघं, मुलं ७ आणि ११ वर्षांची, सासूबाईंना मधुमेह, गोळ्या चालू. १५ दिवसांपूर्वी मैदा, पाकिटातला खाऊ, रिफाइंड तेल, साखर सगळं एकदम बंद केलं. १० किलो शाळू दळून आणला. पहिला आठवडा भाकऱ्या छान झाल्या, आता थापतानाच कडा फाटतात. घाण्याचं शेंगतेल तळताना फेसाळून वर येतं. मुलांची पोटं फुगतात. साखरेऐवजी गूळ आणि साध्या मिठाऐवजी सैंधव वापरतोय, ते बरोबर आहे ना? मागे फिरायचं नाहीये. कुठे चुकतंय ते सांगा.

माणदेशी:
ताई, पिठाची विरी (धरून राहण्याचा गुण) गेलीय. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ जुनं झालं की भाकरी तुटणारच. पाच जणांना रात्रीच्या भाकरीसाठी आठवड्याला ४ किलो पुरतं, तेवढंच दळा. बाजरी तर त्याहून कमी, तिचं पीठ लवकर कडू होतं.
एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी उकळतं पाणी ओता, ५ मिनिटं झाकून ठेवा, मग तळहाताच्या टाचेनं रगडून मळा. एका वेळी एकाच भाकरीचं. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, त्यावर लगेच पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला की भेगा पडतात, मग आचेवर फुगत नाही.
वर्षाचं धान्य घ्यायचं तर फेब्रुवारी-मार्चनंतर जत, आटपाडीकडचा रब्बीचा शाळू बघा. २-३ उन्हं द्या, पण पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम भरला की दाण्याला घाम सुटतो आणि किडे होतात.

तेलघाणा:
फेस येतो तो तेलातल्या गाळामुळे आणि ओलीमुळे. घाण्यावरून आणलेलं तेल ३-४ दिवस स्टीलच्या डब्यात हलवू नका, वरचं फडक्यातून गाळून घ्या, तळाचं भाजीला वापरा. तळताना आच मध्यम, हे तेल रिफाइंडच्या आधी धुरावतं.
१० किलो शेंगदाण्यांचं साधारण ४ लिटर निघतं. माणशी रोज ४ लहान चमचे धरले तर तुमचा महिना निघतो. शेंगदाणे मात्र स्वतः निवडून द्या. बुरशी लागलेले, काळपट, सुरकुतलेले सगळे बाजूला काढा. बुरशीचं विष (अफ्लाटॉक्सिन) रिफाइंड करताना बरंचसं निघून जातं, घाण्याच्या तेलात ते राहतं. ही काळजी कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

आहारवाटा (सातारा):
सासूबाईंचं आधी बघा. गुळानं रक्तातली साखर साखरेइतकीच चढते, तो त्यांना मोकळेपणानं देऊ नका. भाकरीही मोजूनच. आहार एकदम बदलला की गोळ्यांचा डोस जास्त पडून साखर उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना आजच कळवा. घाम, थरथर, घाबरं होणं दिसलं आणि त्या शुद्धीवर असतील तर लगेच ३ लहान चमचे साखर पाण्यात. तेवढ्यासाठी साखरेचा डबा घरात हवाच.
मीठ आयोडीनचंच ठेवा. सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं, वाढत्या मुलांना त्याची गरज असते.
मुलांना आठवडाभर अर्धी भाकरी, अर्धी चपाती. कोंडा एकदम वाढला की वायू होतो. मटकी, हरभरा रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या आणि दिवसभर पाणी जास्त प्यायला लावा.

कृष्णाकाठ:
डॉक्टरांना लगेच फोन करते. उरलेल्या ६ किलो पिठाचं काय करू?

माणदेशी:
चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. कडू किंवा खवट लागलं तर गुरांनाही नको, टाकून द्या. नसेल तर ३ वाट्या पिठाला १ वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, तीळ, ओवा, कोथिंबीर घालून धपाटे करा, तुटणार नाहीत. बाकीचं ताकात कालवून रात्रभर ठेवा, सकाळी शिजवून आंबील.