उंबर, मोह आणि विहिरीतला गाय

प्रश्न, दारव्ह्याजवळच्या खेड्यातून

पुतणी यंदा दहावीला आहे. इंग्रजीच्या सरांनी वर्गात सांगितलं की 'एन्ट्रन्स' लिहायचा एकच, पण बोलताना पहिल्या अक्षरावर जोर दिला की दार, शेवटी जोर दिला की भुरळ घालणं. आमच्या गावात एन्ट्रन्स म्हणजे नीटची परीक्षा, तो अर्थ वेगळाच. तर पोरीनं विचारलं, काका, मराठीत आहे का असा शब्द, ज्यात दारही आहे आणि भुरळही? मला सुचला नाही. टपरीवर विचारलं तर एक जण म्हणे, "दारू. घ्या, त्यात दारही आलं." पोरीला हे सांगता येत नाही. कोणी मदत करा.

उत्तर, तुमसरकडून

भाऊ, एका शब्दात दोन्ही मिळणार नाही. पण आमच्या झाडीपट्टीत दोन झाडं आहेत, एकात दार आहे आणि एकात भुरळ. उंबर आणि मोह.

उंबर म्हणजे झाड, आणि उंबर म्हणजे दाराची खालची चौकट. आजी सांगायची, "तिन्हीसांजेला उंबरावर बसू नये." मी लहान होतो, नाल्याच्या काठी उंबराचं मोठं झाड होतं, त्यावर आम्ही माकडासारखे चढायचो. वर्षभर मी दिवेलागणीआधी घाईघाईनं झाडावरून उतरत होतो. आजीच्या मनात घराचा उंबरा होता हे फार उशिरा कळलं. चढणं काही थांबलं नव्हतं, एवढंच.

यात शब्द एकच आहे, त्याला दोन फांद्या फुटल्या. संस्कृत 'उदुंबर' या शब्दालाच कोशांत झाड आणि घराचा उंबरठा असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. आणि बघा, नृसिंहाची गोष्ट घ्या. हिरण्यकशिपूला ना घरात मारायचं ना बाहेर, म्हणून उंबऱ्यावर मारला. त्याच्या पोटातलं विष नखांना लागून नखं जळायला लागली, तेव्हा लक्ष्मीनं उंबराची फळं आणली आणि देवानं त्यांत नखं खुपसून थंड केली. गुरुचरित्रातल्या औदुंबराच्या महात्म्यात ही कथा आहे. एकाच गोष्टीत दाराचा उंबर आणि झाडाचा उंबर. पोरीला हीच गोष्ट सांगा, व्युत्पत्ती विसरेल, गोष्ट विसरणार नाही.

मोहाचं उलटं आहे. तिथे शब्द दोन आहेत, वेगवेगळ्या घरचे, आणि मराठीत येऊन एकसारखे दिसायला लागले. भुरळीचा मोह संस्कृत 'मुह्' धातूवरून, गोंधळणं, भान हरपणं. झाडाचा मोह 'मधूक' वरून, प्राकृतात 'महुअ', मग मोह. मधाशी नातं आहे त्याचं, भुरळीशी नाही. हे सांगितलं की लोक हिरमुसतात, पण काय करणार.

फुलं मात्र भुरळ पाडणारीच. चैतात रात्रभर टपटप पडतात, पहाटे टोपली घेऊन बायका-पोरं झाडाखाली. पिवळसर पांढरी, गुबगुबीत, बोटांना चिकटणारी, वाळली की मनुक्यासारखी तांबूस होतात. उशीर झाला तर अस्वल येऊन खाऊन गेलेलं असतं. एकदा गावात कीर्तन होतं, बुवा म्हणाले, "मोह सोडा!" पहिल्या रांगेतली म्हातारी पटकन म्हणाली, "सोडला तं चैतात खाऊ काय, बुवा?" बुवांना पुढचा अभंग सुचेना.

उत्तर, मूर्तिजापूरकडून

दादा, उंबराबद्दल थोडं भांडतो. झाड 'उंबर', चौकट 'उंबरा' किंवा 'उंबरठा'. म्हणून झाड असेल तर 'उंबरावर', दार असेल तर 'उंबऱ्यावर'. गावाचा आकार सांगतानाही आपण 'साठ उंबऱ्यांचं गाव' म्हणतो, 'साठ उंबरांचं' म्हटलं तर राई वाटेल. तुमच्या आजीच्या बोलीत फरक पुसला गेला, म्हणून घोळ.

उत्तर, तुमसरकडून

मान्य, लिहिताना तसंच लिहीन. पण आजीला दुरुस्त करायला मी गेलो नसतो, आणि तुम्हीही गेला नसता. शिवाय 'उंबर फोडून केंबरं (आतली चिलटं) काढणं' यात मात्र झाडाचंच फळ, तिथे कोणी दार फोडत नाही. 'उंबराचं फूल' दिसत नाही म्हणतात तेही बरोबर, फुलं फळाच्या पोटातच असतात.

उत्तर, मूर्तिजापूरकडून

झाडीवाल्यांनी झाडं सांगितली, आता वऱ्हाडची मजा ऐका. आम्ही 'ळ' चा 'य' करतो. डोळा डोया होतो, शाळा शाया होते. त्यामुळे शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात. काळा म्हणजे काया, आणि देहही काया. गळ्यातली माळ म्हणजे माय, आणि आईही माय. "माय तुटली" ऐकून शहरातला पाहुणा घाबरतो.

सगळ्यात भारी 'गाळ'. आमच्याकडे एक कृषी खात्याचे साहेब नवीन आले होते, पुण्याकडचे. शेतकरी म्हणाला, "सायेब, इहिरीतला गाय काढाचा हाये, दोन मानसं पायजेत." साहेब दचकले. "गाय पडली? कधी? जिवंत आहे का?" आणि दोर शोधायला निघाले. शेतकरी शांतपणे, "दरसालचा हाये, सायेब."

पण बघा, शेतकरी चुकला नव्हता. त्यानं 'विहिरीतला गाय' म्हटलं, 'विहिरीतली' नाही. लिंगानं अर्थ सांगितला होता. साहेबांनी नाम ऐकलं, प्रत्यय ऐकला नाही. इंग्रजीत जोर कुठे द्यायचा तिथे अर्थ बदलतो, आमच्यात 'ला' आणि 'ली' वर बदलतो.

उत्तर, तुमसरकडून

टोळाचंही सांगतो. मोहाच्या फळाला आमच्याकडे टोळ म्हणतात, बीचं तेल निघतं. 2020 च्या मे महिन्यात टोळधाड आली, काटोल-मोर्शीकडच्या बातम्या टीव्हीवर होत्या. घरी कोणी तरी ओरडलं, "टोळ आले, टोळ!" मावशी आतून म्हणाली, "इतक्या लवकर? भाव काय सांगतात?"

प्रश्नकर्ता

पुतणीनं सगळं वाचलं. 'मोह' आणि 'उंबर' वहीत लिहून घेतले, आणि खाली एक वाक्य तिचं स्वतःचं: "चार गाईंना चारा चार." म्हणते, काका, पहिला चार 'च्यार' सारखा आणि शेवटचा 'त्सार' सारखा, लिहायचे मात्र सारखेच, मग हे एन्ट्रन्ससारखंच झालं ना? 'जून' महिना आणि 'जून' भेंडी हीपण जोडी तिनंच काढली. सरांना दाखवायला उद्या घेऊन जाणार आहे. दारू मी तिला सांगितली नाही, टपरीवाल्यानं सांगितली.